खरवड

हिद्दच्या गोदीवरून आलेला शरफुद्दीन हुरजूक
टेबलावर हात ठेवतो, तळवा वर,
जसा कुणी तराजूत मासा ठेवावा.
मनगटापासून कोपराच्या अलीकडे चार बोटं
वायररोपनं ओढलेली रेघ.
सत्तावीस टाके होते. आता वरून गुळगुळीत, जांभळट,
खाली मात्र सगळं एकमेकांना धरून बसलेलं;
मूठ वळली की कातडी मागे ओढली जाते,
दारात पडद्याचं टोक अडकावं तशी.

मी मेण लावते. मग डब्यातून ती काढते:
पोलादी, वीतभर, कडा बोथट,
आकार अर्धचंद्राचा
(कंपनी त्याला देणार म्हणतात, तो अर्धचंद्र वेगळा).
पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं,
"ह्या काय गं बाय? नारल खवतंस काय?"
तेव्हापासून आम्ही दोघं तिला खवणीच म्हणतो.

तिरपी धरायची, ओढायची,
घाई करायची नाही.
बऱ्या मांसावर ती नुसती सरकते, बोलत नाही.
व्रणापाशी आली की पोलादातून माझ्या बोटांत
करकर चढते,
दुधाच्या पातेल्याच्या बुडाला
खरवड धरलेली असते, तशी;
नाहीतर धुळीच्या वादळानंतर
खिडकीच्या रुळात वाळू उरते, तशी.
शरीरानं घाईत घातलेली शिवण आहे ही.
मिळेल तिकडे धागा टाकला, आडवा, तिरपा,
शेजारचा स्नायूही टाचून घेतला.
दोष तरी कसा द्यावा?
रक्त चाललं होतं.

पूर्वी मी हे अंगठ्यांनी करायचे.
मिरजेत चार वर्षं, इथं सात.
आता बाटलीचं झाकण उघडताना
अंगठ्याच्या मुळाशी माझंही काहीतरी करकरतं.
कुणाला सांगत नाही. न्हाव्याचं टक्कल
लोक हसून सोडून देतात,
फिजिओचे दुखरे अंगठे नाही.

पकड मोजायचं यंत्र: अकरा किलो.
मग चौदा. गेल्या खेपेला एकोणीस.
आज बावीस.
त्यानं आकडा बघितला आणि गप्प झाला.
ऑगस्ट. काचेला बाहेरून घाम फुटलेला,
खालच्या औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी
त्यात विरघळून चाललेली.

"बाय, सोळा तारखेला विम्याचा डॉक्टर हात बघनार.
जेवढा लुला, तेवढे दिनार.
पोरीची फी भरायची हाय, म्हाप्रळला घर अर्धा हाय.
दोन आठवडे…
ह्यो असाच रवल काय?"

खवणी माझ्या हातात. मेण गार होत चाललेलं.
पुस्तकातलं उत्तर मला येत होतं:
आता थांबलो तर तंतू पुन्हा धरतील,
आणि पुढल्या वर्षी हेच पातेलं जास्त करपलेलं.
एका किलोला किती दिनार,
ते मात्र कुठल्याच वर्षाला नव्हतं.

मी "बघू" म्हणाले.
"बघू" हा शब्द आपल्याकडे केवढा मोठा आहे,
त्यात दोन माणसं आरामात लपू शकतात.

मग त्यानं स्वतःच मूठ वळली.
कातडी थोडी ओढली गेली, आणि सुटली.
मला दिसलं. त्यालाही कळलं.
उघडली, वळली, परत उघडली,
लहान पोरं दिव्याच्या बटणाशी करतात तसं,
आणि क्षणभर तो विमा, डॉक्टर, सोळा तारीख
सगळं विसरलेला, मी बघितला.

"खव," तो म्हणाला, भिंतीकडे बघत.

मी खवत राहिले. कातडीवर
तांबडे ठिपके उमटू लागले,
नवी, बारीक, ठरवून केलेली जखम,
म्हणजे शरीराला पुन्हा एकदा शिवायला बसता येईल,
या वेळी दिवसाउजेडी.

तो गेला. टेबल पुसलं, खवणी उकळत्या पाण्यात.
वहीत आजच्या तारखेपुढे
अजून काही लिहिलेलं नाही.
पेनाचं टोपण मी दातांत धरून बसलेय,
ते उघडताना अंगठा दुखतो म्हणून.